पक्षीवेडे सलीम अली मोटारसायकलवेडेही होते, आपली सनबीम जहाजात घालून थेट युरोपला नेली होती

रविवारी पहाटे पाचला पुण्यातनं सोलापूर हायवेला लागा. हडपसर, उरुळी कांचन, यवत, पाटस, कुरकुंभ. उजाडायच्या आत तुम्हाला चार-सहा बायकर तरी गाठतात. कुणाकडं नवी कोरी साडेतीनशे सीसीची गाडी असते, कुणाकडं वडिलांची येझदी. आणि त्या घोळक्यात एक जण हमखास असा असतो, ज्याच्याकडं २००३-०४ ची जुनी करिझ्मा असते.

ही करिझ्मा म्हणजे आपल्याकडच्या पोरांनी पाहिलेली पहिली स्पोर्ट-टूरर. पळायला जोरदार आणि लांबच्या पल्ल्याला बसायला आरामशीर. आता तिचा पार्ट मिळायचा म्हणजे नाना पेठेत चार दुकानं पालथी घालायची, नाहीतर कुणीतरी भंगारात काढलेली दुसरी करिझ्मा शोधायची. घरचे म्हणतात, विकून टाक. मेकॅनिक म्हणतो, अजून किती खर्च करणार. पण हा गडी काही ऐकत नाही. दर रविवारी गाडी चालू करतो आणि निघतो.

निघतो कुठं? तर भिगवणला. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाणलोटावर. बारामतीकरांना तर ते अंगणातच आहे. कुंभारगावात होडीत बसायचं, रोहित बघायचे, चित्रबलाक बघायचे, येताना ताटभर मासे खायचे आणि उन्हं चढायच्या आत परत.

या पोरांपैकी बऱ्याच जणांच्या पिशवीत किंवा मोबाईलमध्ये पक्ष्यांचं एखादं पुस्तक असतं. ते पुस्तक ज्या परंपरेतनं आलं, तिचा मूळपुरुष म्हणजे डॉ. सलीम अली. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचा फोटो बघितलेला असतो. किडकिडीत अंग, पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण.

पण एक गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही.

हा माणूस पक्का बायकर होता. आयुष्यात त्यांनी इतक्या मोटारसायकली वापरल्या की यादी वाचून आजच्या बायकरलाही घाम फुटेल. आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी जे केलं, ते आज पंचविशीतले लोकही करताना दहा वेळा विचार करतील.

तर ही गोष्ट त्यांचीच.

खेतवाडीतला पोरका पोरगा

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत झाला. भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे होते तेव्हा आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या सगळ्या भावंडांना वाढवलं.

मामा शिकारी होते. घरात बंदुका होत्या. भाच्याच्या हातात छर्ऱ्याची छोटी बंदूक आली आणि पोरगं चिमण्या मारत फिरायला लागलं. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस असं झालं की, मारलेल्या चिमण्यांमध्ये एक वेगळी निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी म्हणून सलीमने मामाला विचारलं. मामालाही सांगता आलं नाही. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे आपल्या बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथले मानद सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ.

मिलार्ड यांनी पोराला हाकललं नाही. चिमणी ओळखून दिली, आणि मग कपाटं उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. कातडी कशी सोलायची, पेंढा कसा भरायचा, नोंद कशी लिहायची, हे शिकायची सोय करून दिली.

एखादी गोष्ट उघडून आत काय आहे ते बघायचं, आणि जे दिसलं ते लिहून ठेवायचं. ही सवय त्यांना इथं लागली. ती पुढं पक्ष्यांसाठी कामाला आली आणि इंजिनासाठीही.

तवॉयचा पाऊस आणि साडेतीन हॉर्सपॉवरची एनएसयू

शाळेत सलीम काही फार चमकले नाहीत. डोकेदुखीनं शाळा मध्येच सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये राहावं लागलं. १९१३ मध्ये कशीबशी मॅट्रिक झाली. मग घरच्यांनी ठरवलं, याला ब्रह्मदेशात पाठवा. तिकडं तवॉय भागात कुटुंबाचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. वुल्फ्रॅम म्हणजे टंगस्टनचं खनिज. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं आणि चिलखती पत्र्यासाठी त्याला मागणी होती.

सलीम धंद्याला गेले खरे, पण जीव लागला भोवतालच्या जंगलात. आणि तिथंच त्यांच्या आयुष्यात पहिली मोटारसायकल आली.

ती होती जर्मनीची एनएसयू. ताकद साडेतीन हॉर्सपॉवर.

हा कागदावरचा आकडा बघा आणि आज दारात उभ्या असलेल्या शंभर सीसीच्या गाडीशी ताडून बघा. आपली साधी गाडीसुद्धा आठ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद देते. आणि रस्ते कुठले? तर दक्षिण ब्रह्मदेशातले, जिथं पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो.

आता इथं जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ. त्या काळात मोटारसायकल चालवणं म्हणजे नेमकं काय होतं?

तेव्हा चालवणारा तोच मेकॅनिक असायचा

आज आपण बटण दाबतो, गाडी चालू होते. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं आतला छोटा संगणक बघतो. शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीत ही सगळी कामं स्वाराच्या हातात होती.

हँडलवर एकाऐवजी अनेक लिव्हर असायचे. एकानं हवा कमी-जास्त करायची, दुसऱ्यानं ठिणगीची वेळ मागं-पुढं करायची. चढ आला, इंजिन कण्हायला लागलं की ठिणगी मागं घ्यायची. सपाटी आली की पुढं ढकलायची. कानानं इंजिनाचा आवाज ऐकत हे सतत चालू.

इंजिनातलं ऑइलही आपोआप फिरायचं नाही. बऱ्याच गाड्यांना टाकीच्या बाजूला हातपंप असायचा. दर काही मैलांनी तो दाबायचा. दाबायला विसरलात तर पिस्टन जाम. जास्त दाबलात तर मागं धुराचा लोट आणि प्लग काळा. वापरलेलं ऑइल परत टाकीत यायचं नाही, ते जळून नाहीतर गळून जायचं. जुनी गाडी उभी करून काढली की खाली ऑइलचा डाग दिसतो ना, तेव्हा तो डाग नसला तरच लोकांना काळजी वाटायची.

चाकाला ताकद पोचवायला अनेक गाड्यांना चेन नव्हती, चामड्याचा किंवा रबरी पट्टा असायचा. पाऊस पडला की पट्टा घसरायचा. ऊन पडलं की सैल व्हायचा. तुटला तर रस्त्यावरच कापून, जोडून पुन्हा बसवायचा. टायर तर आजच्या मानानं अगदीच कच्चे. बैलांच्या नालांचे खिळे रस्त्यात पडलेले. पंक्चर हा प्रवासातला अपघात नव्हता, ती रोजची बाब होती.

आणि गॅरेज? ते शहराबाहेर नावालाही नव्हतं.

त्यामुळं ज्याला मोटारसायकल ठेवायची, त्याला ती उघडता आली पाहिजे, साफ करता आली पाहिजे आणि पुन्हा जोडता आली पाहिजे. आज जुनी गाडी सांभाळणारा जो हौसेनं करतो, ते तेव्हा प्रत्येकाला गरज म्हणून करावं लागायचं. सलीम अलींनी या शाळेत प्रवेश घेतला तो तरुणपणीच. आणि ही शाळा त्यांनी कधी सोडली नाही.

डिग्री नाही, नोकरी नाही

१९१७ मध्ये ते मुंबईला परतले. दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले. पण सेंट झेवियर्समधले फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी ओळखलं की या पोराचं मन वहीखात्यात नाही. त्यांच्या सांगण्यावरून त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

पुढं ब्रह्मदेशातला धंदा बुडाला. हाताशी काम नाही. पक्ष्यांचं ज्ञान भरपूर, पण विद्यापीठाची पदवी नाही. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, तिथंही पदवीमुळंच गाडी अडली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग विभाग नवा सुरू झाला होता. तिथं लोकांना माहिती सांगणाऱ्या गाईड लेक्चररची नोकरी त्यांना मिळाली. पगार महिना साडेतीनशे रुपये. दोनेक वर्षांत त्यांना कळून चुकलं की आपलं शिक्षण अपुरं आहे. मग रजा काढून ते जर्मनीला गेले, बर्लिनच्या विद्यापीठ संग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान या नामांकित पक्षीतज्ज्ञाच्या हाताखाली शिकले.

१९३० ला परत आले तर काय, पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली.

वय चौतीसच्या घरात. जगातल्या मोठ्या गुरूकडून शिकून आलेला माणूस, आणि घरात पगार शून्य.

ते आणि तेहमिना अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. समुद्रकाठचं गाव, खर्च कमी. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसलेल्या माणसाकडं वेळच वेळ असतो. सलीम अली तिथं तासन् तास बसून बघत राहिले.

आणि त्यांना असं काही दिसलं, जे आधी कुणाच्या नीट लक्षात आलं नव्हतं. सुगरणीचा नर घरटं अर्धं विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, घरटं आतनं बाहेरनं तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती तिथं राहते, मग नर उरलेलं काम पूर्ण करतो. मादी अंड्यावर बसली की हा गडी बाजूला दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. या अभ्यासानं पक्षीशास्त्राच्या जगात त्यांचं नाव झालं. बेकारीनं दिलेली ती भेट होती.

फुकट काम करतो, फक्त खर्च द्या

मग त्यांनी एक अजब प्रस्ताव मांडला. देशातल्या कितीतरी संस्थानांमध्ये कुठले पक्षी आहेत, याची नीट नोंदच नव्हती. सलीम अली म्हणाले की मी पगार घेणार नाही, संस्थानानं फक्त मोहिमेचा खर्च उचलावा. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, अशी एकामागून एक सर्वेक्षणं सुरू झाली.

तंबू, बैलगाड्या, ओबडधोबड रस्ते. पक्षी मारून, कातडी काढून, चिठ्ठी बांधून संग्रहालयात ठेवायचे, ही त्या काळच्या शास्त्राची पद्धत होती आणि ते त्यातले वाकबगार होते. आज ते वाचताना अवघड वाटतं, पण त्यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही.

तेहमिना या सगळ्या फिरतीत बरोबर असायच्या. त्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. पण जंगलातल्या मुक्कामाची सगळी व्यवस्था त्या बघायच्या. नवऱ्याला पगार नाही याची तक्रार करण्याऐवजी त्यांनी त्याच्या वेडात स्वतःला सामील करून घेतलं.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. रक्तात विष पसरलं.

सलीम अलींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना पाली हिलच्या आपल्या घरी नेलं. पुढचं आयुष्य त्यांनी तिथंच राहून काढलं, म्हणजे जितके दिवस घरी असतील तितके. कारण हा माणूस घरात कमी आणि बाहेर जास्त असायचा.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. साध्या माणसाला चित्र बघून पक्षी ओळखता यावा, असं ते पुस्तक. १९४२ मध्ये नेहरूंनी तुरुंगातनं आपल्या मुलीला, इंदिरा गांधींना, त्याची प्रत भेट दिली होती. इंदिराबाईंना पक्ष्यांचा नाद लागला त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा होता, आणि पुढं देशाच्या जंगलांसाठी ही ओळख फार कामाला आली.

गॅरेजमधली यादी

या सगळ्या धावपळीत मोटारसायकलीचं काय? तर त्या येत राहिल्या.

एनएसयू झाली. मग वेगवेगळ्या काळात सनबीम, डग्लस, स्कॉट, न्यू हडसन, झेनिथ आणि एक नव्हे, तीन वेगवेगळ्या मॉडेलच्या हार्ले डेव्हिडसन.

ज्याला इंजिनाची आवड आहे, त्याच्या लक्षात येईल की ही यादी श्रीमंतीच्या मिरवणुकीची नाही. यातली जवळजवळ प्रत्येक गाडी वेगळ्या डोक्यानं बनवलेली होती.

डग्लस ही ब्रिस्टलची. तिचे दोन सिलिंडर आडवे, एक पुढं आणि एक मागं. पहिल्या महायुद्धात निरोप पोचवणाऱ्या अनेक सैनिकांकडं या गाड्या असायच्या. स्कॉट त्याहून वेगळी. दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, आणि इंजिन पाण्यानं थंड होणारं. आपल्याकडं पाण्याची रेडिएटरवाली बाईक लोकांनी पाहिली ती किती उशिरा, आणि ही कंपनी ते शंभर वर्षांपूर्वी करत होती. झेनिथ प्रसिद्ध होती तिच्या पट्ट्याच्या गिअरसाठी. चालता चालता पट्ट्याची पकड बदलून वेग आणि ताकद जमवता यायची. चढाच्या शर्यतींमध्ये त्याचा इतका फायदा व्हायचा की काही ठिकाणी तिला भाग घ्यायला बंदी झाली, आणि कंपनीनं ती बंदीच जाहिरातीत मिरवली. हार्लेचं व्ही आकाराचं जाडजूड इंजिन तर आपल्याला माहीतच आहे.

म्हणजे स्कॉट सांभाळता आली म्हणून हार्ले सांभाळता येईल असं नव्हतं. प्रत्येकीचा आवाज वेगळा, रोग वेगळे, औषध वेगळं. आज जसं टू स्ट्रोकचा मेकॅनिक आणि फोर स्ट्रोकचा मेकॅनिक यांचं जमत नाही, तसंच.

पक्षी ओळखणारे लोक सांगतात की झाडीत पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो. जुनी गाडी चालवणारेही तेच सांगतात. टॅपेट ढिले झाले की वेगळी टकटक, चेन सैल झाली की वेगळी खळखळ, बेअरिंग गेलं की वेगळी घरघर. बिघाड डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतो. एकाच माणसात हे दोन्ही कान असावेत, यात नवल वाटायचं कारण नाही.

१९५०, सनबीम आणि स्वीडन

आता येऊ मुख्य किश्श्याकडं.

१९५० च्या जूनमध्ये स्वीडनमधल्या उपसाला गावी जगभरच्या पक्षीतज्ज्ञांचं संमेलन भरणार होतं. सलीम अलींना तिथं निमंत्रण होतं. ते तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. नाव झालेलं, पुस्तक गाजलेलं. अशा माणसानं काय करावं? बोटीचं तिकीट काढावं, पुढं रेल्वेनं जावं, सुटाबुटात सभागृहात बसावं.

यांनी काय केलं? तर आपली सनबीम मोटारसायकल मुंबईच्या बंदरात एस. एस. स्ट्रॅथिडन जहाजावर चढवली आणि स्वतःही त्याच जहाजात बसले. युरोपात उतरून गाडीला सामान बांधलं आणि रस्त्याला लागले.

सनबीम ही इंग्लंडची नावाजलेली कंपनी. आधी काळ्या रंगावर सोनेरी रेघा आणि पूर्ण झाकलेली चेन यासाठी प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धानंतर तिनं चेनऐवजी शाफ्टवर चालणारी, लांबच्या प्रवासासाठी आरामशीर अशी गाडी काढली. स्पोर्ट-टूरर हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, पण माणसं त्या गाड्यांवर देश ओलांडत होती.

आणि युरोप तरी कसा? महायुद्ध संपून पुरती पाच वर्षं झाली होती. जर्मनीतली शहरं बॉम्बनं उद्ध्वस्त झालेली, हळूहळू उभी राहत होती. तिथले जुने रस्ते दगडी गोट्यांचे. पावसात ते साबणासारखे गुळगुळीत होतात.

प्रवास काही सुखाचा झाला नाही. फ्रान्समध्ये छोटा अपघात झाला, मार लागला. जर्मनीत तर त्या दगडी रस्त्यांवर अनेकदा गाडीसकट आडवे झाले. दर वेळी उठले, गाडी उभी केली, पुढं निघाले.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. सोबत टोळी नव्हती. मागं सामानाची जीप नव्हती. मोबाईल नव्हता, नकाशात आवाज देणारी बाई नव्हती. पन्नाशी उलटलेला एकटा माणूस, अनोळखी भाषा, आणि सामानानं लादलेली जड गाडी. पडल्यावर ती उचलायला लागते किती ताकद, ते ज्यानं कधी भरलेली बाईक घाटात पाडलीय त्याला विचारा.

शेवटी उपसालाला पोचले ते अगदी पहिलं सत्र सुरू व्हायच्या बेताला. जगभरचे प्राध्यापक जमलेले, आणि हे धुळीनं माखलेल्या, बोचकी बांधलेल्या मोटारसायकलवरून दारात हजर.

मग काय, संमेलनात बातमी पसरली की हा भारतीय गृहस्थ पक्ष्यांच्या चर्चेसाठी भारतापासनं इथपर्यंत मोटारसायकल चालवत आलाय!

ते खरं नव्हतं. मधला समुद्र जहाजानं पार केला होता. पण लोकांना ते खरं वाटलं, यातच सगळं आलं. त्या माणसाकडं बघून कुणालाही ते अशक्य वाटलं नाही.

एक हुरहूर राहूनच गेली

पुढं सलीम अली मोठे होत गेले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली होती, त्याला अलीगढ मुस्लिम विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. अमेरिकेच्या एस. डिलन रिप्ली यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ त्यांनी पूर्ण केला. भरतपूरचं पाणथळ वाचवण्यात, केरळची सायलेंट व्हॅली धरणाखाली जाऊ न देण्यात त्यांचा शब्द कामी आला. गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं, आणि त्याचं नाव त्या पहिल्या पडलेल्या चिमणीवरून ठेवलं होतं.

इतकं सगळं मिळालेल्या माणसाला कसली खंत असावी?

तर आपल्याकडं कधी बीएमडब्ल्यू मोटारसायकल नव्हती, याची!

ज्याला इंजिनाची भूल पडलीय, त्याला ही हुरहूर कळेल. बीएमडब्ल्यू १९२३ पासून शाफ्टवर चालणाऱ्या, दोन्ही बाजूंना सिलिंडर काढलेल्या गाड्या बनवत होती. लांब पल्ल्यासाठी त्यांचं नाव जगभर. नव्वदीच्या उंबरठ्यावरही न घेतलेल्या गाडीची आठवण काढणारा माणूस, हा आपल्यातलाच म्हणायचा.

१९८७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, दीर्घ आजारानंतर मुंबईत त्यांचं निधन झालं.

भिगवणला जाताना

आता परत येऊ आपल्या इंदापूर-बारामतीला.

१९४५ मध्ये सलीम अलींचं कच्छच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. कच्छच्या रणात लाखोंच्या संख्येनं रोहित घरटी करतात, त्या जागेचा त्यांनी अभ्यास केला होता. तेव्हा उजनी धरण नव्हतं. भीमेवर ते १९८० च्या सुमारास पूर्ण झालं, गावं पाण्याखाली गेली, शेतं गेली, माणसं उठून गेली. मागं राहिलेल्या उथळ पाण्यात आणि गाळात मग पक्षी यायला लागले. हिवाळ्यात भिगवणला दिसणारे रोहित कच्छकडूनच येतात असं मानलं जातं. म्हणजे ज्यांच्या घरट्यांचा शोध त्या माणसानं रणात जाऊन घेतला, त्यांचीच पुढची पिढी आज आपल्या तालुक्यात उतरते.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथं माळरान आहे, चिंकारा आहेत, माळावरचे पक्षी आहेत. माळरान म्हणजे पडीक जमीन असं समजणाऱ्या काळात सलीम अली माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून सांगत होते. मान मोराला मिळाला. माळढोक आज महाराष्ट्रात दिसणं जवळजवळ संपलंय.

महाराष्ट्रात दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. याच सुमारास उजनीवर पाहुणे पक्षी यायला लागतात. आणि हायवेवर आपली बायकर मंडळीही दिसायला लागतात.

त्या मंडळींना एवढंच सांगणं. जुनी गाडी असेल तर निघायच्या आदल्या दिवशी प्लग काढून बघा, चेनला ऑइल द्या, ब्रेकची केबल तपासा, टायरमध्ये हवा बघा. जादा क्लच केबल आणि पान्याचं किट सीटखाली असू द्या. सायलेन्सर मात्र कंपनीचाच ठेवा. फटाके फोडत पाण्याकडं गेलात तर होडीत बसायच्या आधीच पक्षी पार सोलापूर जिल्ह्याच्या काठाला पोचलेले असतात. गावाच्या अलीकडंच गाडी हळू करा, काठापासून लांब लावा, इंजिन बंद करा.

आणि मग दोन मिनिटं नुसतं उभं राहा. तापलेल्या इंजिनाची टिकटिक ऐकू येते. ती थांबली की पाण्यावरनं पक्ष्यांचा आवाज यायला लागतो.

राहता राहिला प्रश्न त्या करिझ्मावाल्याचा, ज्याला घरचे गाडी विक म्हणतात. त्यानं यावेळी घरच्यांना ही गोष्ट वाचायला द्यावी. ज्या माणसानं देशाला पक्षी ओळखायला शिकवलं, त्यालाही गाडीचा नाद सोडवला नव्हता.